मडमेचं ‘येते’

वात जरा खाली घे रे, काच काळी होतेय. आणि तो चिवडा एकट्यानं संपवू नकोस, फिरव सगळ्यांत. हां. आता ऐका. भूत असतं की नसतं, ते मला विचारायचं नाही. मी भोरच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. जे पाहिलं, जे ऐकलं, ते जसंच्या तसं उतरवायचं आणि शेरा मारायचा नाही, ही माझी सवय. शेरा मारायला साहेब असतो. आज साहेब तुम्ही.

गंगाधर मास्तर तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. शाळेत इंग्रजी शिकवायचा. आम्ही दोघं लंगोटीयार, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. तुम्ही करायचं नाही. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड होती. काही समजावून सांगायची संधी आली की त्याला तहानभूक राहायची नाही. रस्त्यात कुणी वेळ विचारली, तर हा घड्याळाचा शोध कुणी लावला इथून सुरुवात करायचा. विचारणाऱ्याची मोटार निघून जायची.

तर साल चौतीस. पौषातली संकष्टी. अंगारकी नव्हे, साधीच. मास्तरचा उपास. सकाळी कचेरीतून शिपाई आला, की मुंबईहून एक मडम आली आहे, तिला वेल्ह्याच्या वाटेवर काही बघायचं आहे, दुभाषी म्हणून मास्तरांनी बरोबर जावं. मास्तरला काय, आंधळा मागतो एक डोळा. उपरणं टाकलं खांद्यावर आणि निघाला.

त्या वेळी साहेब लोकांच्या बोटी यायच्या, जगाची सहल करणाऱ्या. मुंबईला चार दिवस नांगर टाकायचा, तेवढ्यात उतारूंनी काय हवं ते बघून यायचं. बाकीचे सगळे खास गाडीनं ताजमहाल बघायला गेले होते. ही एकटी इकडे. का? तर हिला थडगी बघायची हौस.

हसू नका. ताजमहाल तरी काय आहे?

मडमेचं नाव मिस लॅथम. वय पन्नाशीच्या घरात, अंगानं काटकुळी, पायात पुरुषी बूट, गळ्यात चामड्याची पेटी आणि पेटीत कॅमेरा. बोट ज्या बंदराला लागेल तिथलं जुनं स्मशान, कबरस्तान शोधून काढायचं, फोटो घ्यायचे आणि परत बोटीवर. तिला कुणी तरी बोटीवरच सांगितलं होतं, की भोरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका माळावर जुन्या समाध्या आहेत. एका निवृत्त साहेबानं. तो तरुणपणी शिकारीला तिथं तंबू ठोकून राहिला होता म्हणे.

मोटार पुण्याची. चालवणारा रखमाजी, आपल्या शिवऱ्याचा. तो अजून आहे. मी सांगतो त्यातलं अर्धं त्यानं सांगितलेलं आणि अर्धं मास्तरनं, दोघांचं कुठं जुळलं नाही असं मला आढळलं नाही.

नसरापूर मागे पडलं, मोटार पश्चिमेला वळली. मास्तरनं भीत भीत विचारलं, बाईसाहेब, या छंदाचं कारण काय? तिनं काही आडपडदा ठेवला नाही. तिचा धाकटा भाऊ मोठ्या लढाईत गेला. सापडलाच नाही. पुरायला काही उरलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या नावाचं थडगं कुठं नाही. “मग मी दुसऱ्यांच्या थडग्यांपाशी जाते,” ती म्हणाली. “फोटो काढते, कारण काही तरी काम हातात असलेलं बरं. आणि निघताना निरोप घेते. पण त्यांच्या भाषेत. माझ्या भाषेत बोललं तर त्यांना कसं कळणार?”

मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. हळवा होता तो. आणि तेवढ्यात तिनं विचारलं, “तुमच्याकडे निरोप घेताना काय म्हणतात?”

झालं! मास्तरनं उपरणं सावरलं. आमच्यात ‘जाते’ म्हणणं अशुभ. माणूस जातो तो एकदाच. म्हणून घराबाहेर पडताना आम्ही ‘येतो’ म्हणतो, बाई असेल तर ‘येते’. म्हणजे मी पुन्हा येणार. आणि घरचं माणूस म्हणतं... इथं रस्त्यात खड्डा आला, मोटार उसळली, मास्तरचं डोकं वर आपटलं आणि पुढचं राहून गेलं. पण मडमेला तो शब्द फार आवडला. घोकत बसली. येते. येते. “तुमचे लोक किती सुंदर खोटं बोलतात,” असं काही तरी म्हणाली.

शैलजे, तू आता माझ्याकडे बघतेयस, म्हणजे तुझ्या लक्षात आलं. आणखी कुणाच्या? नाही ना. तुमची आजी मर्तिकाच्या घरातून उठते, तेव्हा काय म्हणते, आठवा बघू. काहीच म्हणत नाही. पदर सावरते, उठते आणि चालू लागते. तिथं ‘येते’ म्हणायचं नसतं. स्मशानातून परततानाही नाही, समाधीवरून उठतानाही नाही. हे कुणी शिकवत नाही, आपल्याला आपोआप ठाऊक असतं. आणि जे आपोआप ठाऊक असतं ते परक्याला सांगायचं राहून जातं. मास्तर जगातलं सगळं समजावून सांगायचा. हे एवढंच राहिलं.

मार्गासनीच्या पुढे रस्त्याच्या डाव्या अंगाला तो माळ. एक घराणं होतं तिथं, जुनं इनामदार. आडनाव मुद्दाम सांगत नाही, त्या आडनावाची माणसं अजून इकडे-तिकडे आहेत, उगाच त्यांच्या जिवाला घोर. रस्त्यावरचं घर, आणि अगत्य असं, की वाटसरू उपाशी पुढे गेला तर धनीण स्वतः जेवायची नाही. मग एके वर्षी पटकी आली. पंधरवड्यात घर रिकामं झालं. निपुत्रिक, निर्वंश. समाध्या बांधल्या त्या लांबच्या सोयऱ्यांनी, आणि तेही पुन्हा फिरकले नाहीत. पुरुषांचे चौथरे, त्यावर पादुका. बायकांची दगडी वृंदावनं. सगळ्यांत मोठं वृंदावन त्या धनिणीचं. तिथं ना कुणी दिवा लावायचं, ना पाणी घालायचं. शंभर वर्षं!

दुपार टळल्यावर ते पोचले. मोटार रस्त्यावरच ठेवली. रखमाजी इंजिनात घालायला पाणी बघायला गेला. रस्त्याकडेला एकच झोपडं होतं, बाळाबाई नावाच्या म्हातारीचं. मास्तर आणि मडम माळावर गेली.

तिनं कॅमेऱ्याची तिवई रोवली, काळं फडकं डोक्यावर घेतलं. एकेका दगडापाशी पाव-पाव तास. मास्तर सावली कुठं पडली ते सांगत होता, कोरलेलं वाचून दाखवत होता. ऊन उतरलं, तोरण्याची सावली माळावर आली, तरी बाईचं आपलं चाललंय. शेवटी मास्तरनं घड्याळ दाखवलं. पुण्याहून रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी बोट सुटणार. “हे एक शेवटचं,” ती म्हणाली आणि धनिणीच्या वृंदावनाकडे वळली.

फोटो झाला. तिवई मिटली. पेटी बंद केली. कडी लावली. मास्तर दोन पावलं पुढे निघालासुद्धा.

मागे मडम वृंदावनासमोर उभी राहिली. मास्तरनं शिकवला तसा नमस्कार केला आणि शाळेतल्या पोरीसारखं स्वच्छ म्हणाली,

“येते.”

मास्तर सांगायचा, त्याच्या तेव्हा लक्षात आलं. अरे, हे सांगायचं राहिलं! वळला. तिला काही बोलणार...

“या.”

असं आलं. मोठ्यानं नाही. घोगरं नाही, खरखरीत नाही. आपल्या ओसरीवर उभी राहून एखादी घरंदाज बाई म्हणते ना, पदर डोक्यावर घेऊन, अगत्यानं... तसं.

“या.”

वाऱ्याची झुळूक नव्हती. आजूबाजूला माणूस नव्हतं. मडम हसली. तिला वाटलं, मास्तर बोलला.

मास्तरला वाटलं, बाळाबाई मागून आली असेल. त्यानं मुद्दाम तसं वाटून घेतलं. झपाझपा रस्त्यावर आला. मडम मोटारीत बसली. रखमाजी इंजिनाच्या टोपणाशी उभा, आणि बाळाबाई कमरेवरची कळशी वाकवून पाणी ओतत होती. पदर कमरेला खोचलेला, दम लागलेला नाही. ती कुठं गेलीच नव्हती.

“आजी,” मास्तरनं विचारलं, “तुम्ही आत्ता माळावर होतात का?”

“म्या? न्हाई बा. म्या हितंच हाय मगाधरनं. का वो?”

“काही नाही. कुणी तरी ‘या’ म्हणालं.”

पाणी ओतता ओतता म्हातारीचा हात थांबला. तिनं कळशी खाली ठेवली. मोटारीत बसलेल्या मडमेकडे बघितलं, मग मास्तरकडे.

“तुमी काय बोलला हुता?”

“मी नाही. या बाई. या ‘येते’ म्हणाल्या.”

“कुटं? थोरल्या बाईच्या वृंदावनापाशी?”

मास्तरनं मान डोलावली. म्हातारी मटकन मोटारीच्या पायरीवर बसली. म्हणाली, “अगं माझ्या बया.” मग उठली आणि मास्तरचा दंड धरला. बामणाला शिवायचं नाही वगैरे सगळं विसरली.

“मास्तर, ऐका. माज्या सासूच्या येळंला एक कासार त्या वृंदावनापाशी दुपारचा टेकला. उठताना सवयीनं म्हनला, येतो बरं का. मागनं ‘या’ आलं. त्याला वाटलं, आसंल कुनी झोपड्यातलं. गेला बिचारा आपल्या गावाला. आठ दिसांनी घावला, त्याच वृंदावनाला टेकून बसलेला. अंगावर खरचटा न्हाई. बांगड्यांची पेटी शेजारी. आन् तोंड कसं, तर पोटभर जेवून सुपारी चघळत बसलेल्या मानसावानी.”

“मेलेला?” मास्तरनं विचारलं.

“मग काय जितं मानूस आठ दिस बसंल?” म्हातारी चिडली. “ती बाई वाईट न्हाई हो. लई अगत्याची. पर शबुद दिला की पान वाढून वाट बगती. न्ह्या त्या मडमंला मागारी. म्हनावं, सवताच्या तोंडानं सांग, जाते म्हनून. येत न्हाई म्हनून. उलटा शबुद दिला तर सुटंल.”

“दुसऱ्या कुणी सांगून चालेल?”

“ठावं न्हाई. पर बोलल्याबिगर हितनं हलू नगा.”

मडमेनं काच खाली करून विचारलं, “काय म्हणतायत या?” आणि मास्तर... आता इथं मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. कचेरीनं पाठवलेला दुभाषी, बी. ए. झालेला, परदेशी बाईपुढे हे कसं सांगणार? तिला काय वाटेल आपल्याबद्दल? तो म्हणाला, “तुमचा प्रवास सुखाचा होवो म्हणतायत.” आणि छत्री विसरल्याचं निमित्त करून एकटाच माळाकडे परत निघाला.

छत्री त्याच्या काखेतच होती.

दिवेलागण झाली होती. पण संकष्टीचा चंद्र. तो उगवायला अजून बराच अवकाश. डोंगर काळे झाले. माळावर समाध्या तेवढ्या दिसत होत्या, पांढुरक्या. मास्तरचा दिवसभराचा उपास. 

वृंदावनापासून चार हात अलीकडे उभा राहिला. हात जोडले.

“आईसाहेब,” तो म्हणाला, “त्या बाई परमुलखातल्या आहेत. त्यांना आपली रीत ठाऊक नाही. चूक माझी आहे. त्या... त्या जातात. येत नाहीत.”

काही नाही.

तो थांबला. रातकिडे होते मघापासून. तेही थांबले.

“त्या येणार नाहीत,” तो पुन्हा म्हणाला.

आणि मग आवाज आला. बोलण्याचा नव्हे.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर लाकडी पाट ठेवला की कसा आवाज येतो? ठप्प. आणि मग तो पाट पायानं थोडा सरळ केल्याचा. तसा. उघड्या माळावर. जिथं जमीन नाही सारवलेली, घर नाही, पाट नाही...

एक पाट.

मग पाणी. भांड्यात पाणी ओतल्याचं. संथ. भांडं भरेपर्यंत.

मग शांत.

वाट बघणारं शांत.

मास्तर पळाला. धोतराचा सोगा काट्यांत अडकला, फाटला, तो तसाच पळाला. मोटारीपाशी येऊन मडमेच्या दाराला धरून उभा राहिला, आणि आता मात्र त्यानं काही लपवलं नाही. इंग्रजी गडबडली, पण सगळं सांगितलं. कासाराचं, पाटाचं, सगळं. “पाच मिनिटांचं काम आहे. मी बरोबर येतो. एकच शब्द म्हणा. ‘जाते’. तुमच्या पाया पडतो.”

आणि खरंच त्यानं हात जोडले. रखमाजी सांगतो, मास्तरच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

त्याला वाटलं ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. रागावली असती तरी चाललं असतं.

ती हळूच म्हणाली, “म्हणजे तो आवाज तुमचा नव्हता?”

“नाही.”

“त्याचा अर्थ काय?”

“अर्थ... या. यावं. तुमचं स्वागत आहे.”

ती पेटीवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, “मास्तर, सोळा वर्षं मी निरोप घेत फिरतेय. किती देश, किती भाषा. कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं.”

“बाईसाहेब...”

“आणि ज्यांनी दिलं, त्यांना जाऊन सांगू, की मी येत नाही? तुमच्याकडे हे शिष्टाचाराला धरून होईल?”

मास्तरनं दारावरचा हात काढला, समजावणं सोडून दिलं. जन्मात पहिल्यांदा.

“चला,” ती रखमाजीला म्हणाली, “गाडी चुकेल.”

रखमाजीनं दांडा फिरवला. इंजिन बोललं नाही. पुन्हा फिरवला. नाही. बाळाबाई हात चोळत उभी होती. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं, तशी ती मास्तरच्या कानाशी येऊन म्हणाली, “मागं बगू देऊ नगा तिला. येवढं तरी करा.”

मास्तरनं सांगितलं. मडम वळणापर्यंत मागेच बघत होती.

मास्तर पुढे, रखमाजीच्या शेजारी बसला होता. वाटेत मागच्या बाजूनं मधूनमधून आवाज यायचा. मडम पुटपुटायची. उच्चार बरोबर जमावा म्हणून. या... या... या. रखमाजी म्हणतो, मला वाटलं गाडी सोडून शेतातनं पळत सुटावं. नसरापूरला मास्तर उतरला. मडमेनं हात हातात घेऊन आभार मानले. निरोपाचं ती काही बोलली नाही, यानंही काही विचारलं नाही. ती रात्र मास्तरनं ओळखीच्या एका दुकानदाराकडे काढली. चंद्र उगवला, दुकानदाराच्या घरच्यांनी पान वाढलं. मास्तर पाटावर बसू शकला नाही. उभ्यानं केळं खाल्लं आणि कांबळं ओढून पडला.

चार दिवस गेले, आठ गेले. मास्तर रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, “केशवा, बोट आता कोलंबोला पोचली असेल, नाही रे?” मी म्हणायचो, “पोचली असेल. तू उगाच काळजी करतोस. समुद्रावर कुठली आलीय तुझी इनामदारीण?” त्याला ते पटायचं. मलाही पटायचं. एवढं पाणी मध्ये, आणि वर सह्याद्री. माणूस तरी आठ दिवसांत वेल्ह्याला कसं येईल?

पंधरा दिवसांनी मुंबईहून एक गृहस्थ आले. सहलीची व्यवस्था बघणारे, सुटाबुटातले. मीही तिथंच होतो, मास्तरच्या ओट्यावर. त्यांनी विचारलं, त्या दिवशी मिस लॅथमनी काय खाल्लं? कुणाशी भांडण वगैरे? तब्येत कशी होती?

मास्तर म्हणाला, “होती म्हणजे?”

गृहस्थांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोट मुंबईहून सुटल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. रात्रीच्या जेवणाची घंटा झाली होती. सगळे उतारू जेवणघराकडे निघाले. मिस लॅथम उलट्या बाजूनं, वरच्या डेककडे चालली होती. डोक्याला टोपी, पायात ते बूट. बाहेर निघाल्यासारखी. वाटेत बटलर भेटला, तो गोव्याचा. त्यानं अदबीनं सांगितलं, मॅडम, जेवण तिकडे आहे.

“तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही,” गृहस्थ म्हणाले. “त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत, मोठ्यानं काही तरी बोलली. आतून कुणी हाक मारल्यावर आपण ओ देतो ना, तशी. तो बटलर गोव्याचा, म्हणून त्याला कळलं. आम्हांला तो पहिल्यांदा खराच वाटला नाही. इंग्रज बाई हे कसं बोलेल?”

“काय बोलली?” मी विचारलं.

“येते, येते.”

मग ती डेकवर गेली. जेवणं उरकली तरी आली नाही. रात्रभर शोधलं, बोट उलटी फिरवली. समुद्र अगदी शांत होता. काही सापडलं नाही. भावासारखंच.

गृहस्थ गेले. मास्तर तसाच बसून राहिला, भिंतीला टेकून.  मी त्याचा हात हातात घेतला. तेव्हा तो म्हणाला, “मी आधीच सांगायला हवं होतं रे. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच. लाज वाटली मला.” ती लाज त्याला पुढं कधी सोडून गेली नाही. वर्गातून बाहेर पडतानासुद्धा तो पोरांना काही म्हणायचा नाही. नुसता उठून चालू लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेल्ह्याच्या वाटेला लागलो. रखमाजीला निरोप धाडला होता, तोही आला. मला खात्री होती, माळावर काही नसणार. मास्तरची समजूत पटेल म्हणून मी गेलो होतो, दुसरं काही नाही. उजेड होता, गुरं चरत होती, बाया लाकडं गोळा करत होत्या. भिण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

बाळाबाई झोपड्याच्या दारातच होती. तिला आम्ही काही सांगितलं नाही. तिनंही काय झालं ते विचारलं नाही. मास्तरकडे एकदा बघितलं आणि पदराला डोळे पुसले.

“कवा?” एवढंच म्हणाली.

मास्तरनं तिथी सांगितली.

“व्हय,” म्हातारी म्हणाली. “त्याच रातीपास्नं. चला, दावते.”

माळावर शेळ्या होत्या. वीस-पंचवीस असतील. आसपास सगळीकडे पाला, बोरी, बाभळी. पण एकही शेळी पाल्याला तोंड लावत नव्हती. सगळ्या त्या थोरल्या वृंदावनाभोवती दाटीवाटीनं उभ्या. माना खाली. एकमेकींना ढुशा देत. आणि चाटत होत्या. दगड. वृंदावनाच्या पुढची पायरी. जीभ लावून... सारख्या...

“हाकलल्या तरी जात न्हाईत,” बाळाबाई म्हणाली. “मुताचा खार नव्हं, चुना नव्हं. म्या धुऊन काडलं दोनदा. सकाळी पुन्ना हायेच.”

मी खाली बसलो. पायरीवर पांढरट थर होता, दव वाळल्यावर राहावा तसा पातळ. मी बोट फिरवलं. जिभेला लावलं.

मीठ.

समुद्राचं. मी हर्णैला दोन वर्षं काढली आहेत, मला ती चव कळते.

नाही शैलजे, मला काहीही म्हणायचं नाही. शेरा तुम्ही मारा. वेल्ह्याचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे, डोंगर वाहून जाईल असा. तेव्हापासून बारा पावसाळे गेले. मास्तर गेला, बाळाबाई गेली. परवा बाजारात रखमाजी भेटला.

म्हणाला, शेळ्या अजून चाटतात.